कोटितीर्थाचा चित्रकार

सांगलीची मुले संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जातात. कराडची मुले प्रीतिसंगमावर जातात. साताऱ्यातल्या मुलांना तर घराबाहेर पाऊल टाकले की अजिंक्यतारा दिसतो. पण रोज दिसणाऱ्या गोष्टींकडे आपण फारसे पाहत नाही. नदी आहे तिथे आहे, डोंगर आहे तिथे आहे, त्यात नवल ते काय, असे आपल्याला वाटते. आता घरोघरी मोबाइल फोन आले आहेत. आभाळ एखाद्या दिवशी फारच लाल झाले, तर आपण पटकन त्याचा फोटो काढतो आणि पुढे चालू लागतो.

या पाठात मी तुम्हांला अशा एका माणसाची हकिकत सांगणार आहे, जो पुढे चालू लागला नाही. तो एका तळ्याच्या काठी थांबला. त्याच तळ्याचे पाणी, तीच झाडे आणि तेच आभाळ तो वर्षानुवर्षे पाहत राहिला आणि रंगवत राहिला. हा माणूस आपल्या सांगली-मिरजेपासून फार दूर नव्हे, शेजारच्या कोल्हापुरात राहत होता. त्याचे नाव आबालाल रहिमान. महाराष्ट्रात निसर्गचित्रांचा विषय निघाला की जाणकार मंडळी आजही हे नाव आदराने घेतात.

निसर्गचित्र हा शब्द तुम्हांला नवा असेल. उर्दूत आपण ज्याला मंजरकशी म्हणतो, तेच मराठीत निसर्गचित्रण. राजाचे नाही, देवाचे नाही, लढाईचे नाही, तर झाडाचे, पाण्याचे, उन्हाचे चित्र.

आबालालांचा जन्म १८५७ च्या उठावाच्या आसपासच्या वर्षांत कोल्हापुरात झाला. त्यांचे मूळ नाव अब्दुल अजीज. पुढे सगळे त्यांना आबालालच म्हणू लागले. त्यांच्या घरी कुराणशरीफच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याचे काम चाले. वडील हे काम करीत. आपल्याकडे त्याला किताबत म्हणतात आणि सुंदर अक्षर काढण्याच्या कलेला खत्ताती. हे काम किती कष्टाचे असते, याची तुम्हांला कल्पना आहे का? बोरूला नीट तासावे लागते. शाई फार पातळ चालत नाही आणि फार दाटही चालत नाही. ओळ तसूभर वर गेली तरी पान बिघडते. एखादा नुक्ता चुकला तर अर्थ बदलतो, म्हणून कातिबाला मन एकाग्र ठेवावे लागते. मजकूर लिहून झाला की हाशियावर म्हणजे समासात वेलबुट्टी काढायची. कुराणशरीफच्या पानावर माणसाचे किंवा जनावराचे चित्र नसते. तिथे असतात पाने, फुले, वेली आणि नक्षी.

लहानगा आबालाल हे सारे पाहत वाढला. हात स्थिर कसा ठेवावा, रेघ एका दमात कशी ओढावी, रंग कसा घोटावा, हे त्याला शाळेत जाऊन शिकावे लागले नाही. पुढे झाडापानांतच त्यांचे मन रमले. त्याचे मूळ या हाशियावरच्या वेलींत असावे, असे मला वाटते.

शाळेतही त्यांनी चांगली प्रगती केली. फार्सी आणि अरबी घरचीच होती, त्यात इंग्रजीची भर पडली. कोल्हापुरात त्या वेळी इंग्रज अधिकारी राहत असत. त्यांपैकी एका अधिकाऱ्याच्या पत्नीने या तरुणाची चित्रे पाहिली. या मुलाला चांगले शिक्षण मिळाले पाहिजे, हे तिच्या लक्षात आले. तिच्या मदतीने आबालालांना मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट सापडली.

वाट म्हटले, पण ती वाट सोपी नव्हती. १८८० च्या सुमारास कोल्हापूरला रेल्वे नव्हती. मिरजेहून कोल्हापूरला जाणारी गाडी सुरू झाली ती १८९१ साली. त्या वेळी मुंबईला जायचे तर बैलगाडीने किंवा टांग्याने आधी पुणे गाठावे लागे. वारणा ओलांडायची, कराडला कृष्णा-कोयनेचे पाणी पाहायचे, साताऱ्यावरून जायचे, खंबाटकीचा घाट चढायचा आणि मग पुण्याहून आगगाडी पकडायची. म्हणजे आपल्या या दोन्ही जिल्ह्यांतून जाणारा रस्ता कोल्हापूरकरांच्या चांगला परिचयाचा होता. बैलगाडीचा प्रवास सावकाश असतो. त्या प्रवासात डोंगर हळूहळू जवळ येतो आणि हळूहळू मागे पडतो. आजच्या बसच्या खिडकीतून तो तसा दिसत नाही.

जे. जे. स्कूलची स्थापना १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या दानातून झाली होती. तिथे सगळे शिक्षण इंग्रजी पद्धतीने चाले. विद्यार्थ्यांसमोर प्लॅस्टरचे पुतळे ठेवत. त्यांच्याकडे पाहून पेन्सिलीने आणि कोळशाने हुबेहूब चित्र काढायचे. प्रकाश कोठून येतो, सावली कोठे पडते, जवळची वस्तू मोठी आणि लांबची लहान का दिसते, याचा अभ्यास करायचा. महिनोन् महिने रंगाला हातही लावायचा नाही. जॉन ग्रिफिथ्स नावाचे प्रसिद्ध चित्रकार तेव्हा या संस्थेत होते. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला त्यांच्याच देखरेखीखाली विद्यार्थ्यांनी केल्या. आबालालांनी या संस्थेत कसून मेहनत केली आणि सुवर्णपदक मिळवले.

आता त्यांच्यासमोर दोन वाटा होत्या. मुंबईत राहिले असते तर पैसा मिळाला असता. त्या काळी राजा रविवर्म्याचे नाव देशभर गाजत होते. संस्थानिक आणि शेठ लोक आपापली मोठाली तैलचित्रे काढून घेत. दिवाणखान्यात आपले चित्र टांगलेले असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. माणसाचा चेहरा हुबेहूब काढणाऱ्याला कामाची ददात नव्हती आणि आबालालांच्या हातात ते कसब होते. पण ते कोल्हापूरला परत आले.

झाडाचे आणि तळ्याचे चित्र त्या काळी कोण विकत घेणार? आपल्या देशात फुलापाखरांची चित्रे पूर्वी निघत नव्हती असे नाही. इतिहासात तुम्ही जहांगीर बादशहाचे नाव वाचले आहे. त्याच्या दरबारात उस्ताद मन्सूर नावाचा मुसव्विर होता. पक्षी आणि फुले रंगवण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. पण तो बादशहाचा हुकूम पाळून चित्रे काढीत होता. स्वतःच्या मनाने रोज तळ्यावर जाऊन बसणारा चित्रकार ही त्या वेळच्या लोकांना नवलाची, थोडी वेडेपणाचीही गोष्ट वाटली असेल.

सुदैवाने कोल्हापूरला तेव्हा गुणांची पारख असलेला राजा लाभला. राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ साली राज्यकारभार हाती घेतला. त्यांनी दलितांसाठी आणि मागासलेल्या समाजासाठी केलेले काम तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचता. मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी १९०६ साली कोल्हापुरात संस्था काढून दिली आणि वसतिगृहाची सोय केली, हेही लक्षात ठेवा. मल्ल, गवई, चित्रकार, सगळ्यांना त्यांच्याकडे आश्रय होता. आबालालांना त्यांनी दरबारचे चित्रकार नेमले. महाराजांना शिकारीचा नाद होता, म्हणून आबालालांनी शिकारीची चित्रेही काढली. पण या नोकरीत त्यांना मिळालेली सर्वांत मोठी गोष्ट पगार नव्हती. महाराजांनी त्यांना त्यांच्या मनासारखे वागू दिले. ते रोज दरबारात हजर असलेच पाहिजेत, असा आग्रह धरला नाही. चित्रकाराला याहून अधिक काय हवे असते?

कोल्हापूर हे तळ्यांचे गाव. रंकाळा तर सगळ्यांना माहीत आहे. रंकाळ्याच्या पाण्यात संध्यामठ नावाची एक जुनी दगडी वास्तू आहे. पाणी वाढले की ती बुडते आणि पाणी ओसरले की पुन्हा वर येते. आबालालांनी हा संध्यामठ रंगवला. पंचगंगेचा घाट रंगवला. पण त्यांचे खरे मन जडले ते कोटितीर्थावर. हे तळे तेव्हा गावाबाहेर होते. काठावर दाट झाडी होती, देऊळ होते, आणि गावचा गलबला तिथे पोहोचत नव्हता. पुढे १९०६ साली महाराजांनी याच तळ्याजवळ कापडाची गिरणी उभारली. तीच शाहू मिल. आबालालांनी आपला मुक्काम या तळ्याच्या परिसरात हलवला आणि ते तिथे फकिरासारखे राहू लागले.

एखाद्या तळ्यात रोज पाहण्यासारखे काय असते? तुम्हीच विचार करा. पहाटे पाण्यावर धुके असते. तेव्हा पलीकडचा काठ दिसतच नाही, नुसती झाडांची काळसर रेघ दिसते. ऊन वर आले की धुके विरते आणि पाण्यात झाडे उलटी उभी राहतात. दुपारी पाणी इतके चकाकते की डोळे ठरत नाहीत. तेव्हा पाण्याला निळा म्हणावे की पांढरा, हे सांगता येत नाही. संध्याकाळी तेच पाणी तांबूस होते, मग जांभळे, मग राखाडी. पावसाळ्यात ते मातकट असते आणि थंडीत आरशासारखे स्वच्छ. वारा सुटला की सगळी प्रतिबिंबे मोडतात. म्हणजे तळे एक, पण चित्रे हजार. आबालालांना हे कळले होते, म्हणून त्यांना दुसरीकडे जावेसे वाटले नाही.

त्यांनी तैलरंगांतही काम केले, पण जलरंगात त्यांचा हात विशेष चाले. जलरंग म्हणजे पाण्यात कालवलेला रंग. तुम्ही चित्रकलेच्या तासाला तोच वापरता, त्यामुळे त्याचा त्रास तुम्हांला ठाऊक आहे. तैलरंगात चूक झाली तर वरून दुसरा थर देता येतो. जलरंगात तशी सोय नाही. कागद ओला असेपर्यंतच जे करायचे ते करावे लागते. शिवाय पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरत नाहीत. जिथे ऊन दाखवायचे, तिथे कागद तसाच कोरा सोडायचा. म्हणजे चित्रकाराला रंग कोठे लावायचा यापेक्षा कोठे लावायचा नाही, हे आधी ठरवावे लागते. पाण्यावरचा प्रकाश तर दोन-चार मिनिटांत बदलतो. तेवढ्या वेळात पाहायचे, ठरवायचे आणि कागदावर उतरवायचे. इथे त्यांना ती घरची खत्ताती उपयोगी पडली असेल. कातिबालाही एकदा टेकवलेली लेखणी मागे घेता येत नाही.

आबालालांच्या चित्रांत पान न् पान काढलेले नसते. रंगाचे लहान लहान ठिपके आणि फटकारे शेजारी शेजारी ठेवलेले असतात. जवळून पाहिले तर नुसते डाग दिसतात. चार पावले मागे सरलात की त्याच डागांचे झाड होते आणि झाडावर ऊन पडलेले दिसते. याच सुमारास फ्रान्स देशात काही चित्रकार असेच काम करीत होते. त्यांचे पहिले प्रदर्शन १८७४ साली पॅरिस येथे भरले. त्यांतील क्लोद मोने याने १८९०-९१ च्या सुमारास गवताच्या गंजीच पुन्हा पुन्हा रंगवल्या. सकाळच्या, संध्याकाळच्या, बर्फातल्या. गवताच्या गंजी! आपल्या खेड्यात त्या कोणाच्याही मळ्यात असतात. पुढे समीक्षकांनी आबालालांची तुलना या फ्रेंच चित्रकारांशी केली. ती योग्यच आहे. फरक एवढाच, की तिकडे दहा-वीस चित्रकार एकमेकांच्या सोबतीने ही नवी वाट चालत होते आणि इकडे कोटितीर्थाच्या काठी एकटे आबालाल होते.

इथे कॅमेऱ्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. छायाचित्रणाचा शोध १८३९ साली जगासमोर आला. मुंबईत १८५४ सालीच छायाचित्रकारांची संस्था निघाली होती. म्हणजे आबालाल जन्मले तेव्हा कॅमेरा आपल्या देशात येऊन पोहोचला होता. तो हुबेहूब चेहरा काही क्षणांत टिपू लागला, तेव्हा पुष्कळ चित्रकारांना आपल्या पोटावर पाय येईल अशी भीती वाटली. पण त्या काळचा कॅमेरा अवजड असे. तिवई मांडून आणि काळे कापड डोक्यावर घेऊन फोटो काढावा लागे. त्यात रंगही येत नसत. रंगीत छायाचित्रांच्या काचा बाजारात आल्या त्या १९०७ साली, आणि त्याही युरोपात. संध्याकाळचे तांबूस पाणी कॅमेऱ्याला करडेच दिसे. ते रंग पकडण्याचे काम कुंचल्याकडेच राहिले.

आज तुमच्या हातातला फोन तो रंग सहज पकडतो. त्यात वाईट काहीच नाही. माझ्या वर्गातील एक मुलगा रोज शाळेला येताना एकाच चिंचेच्या झाडाचा फोटो काढत असे. जूनपासून मार्चपर्यंतचे फोटो त्याने मला एकापुढे एक दाखवले, तेव्हा चिंचेची पालवी प्रथम तांबूस असते हे माझ्या नीट ध्यानात आले. त्या मुलाने आबालालांचे नाव ऐकलेले नव्हते. पण काम त्यांच्याच जातीचे होते.

उर्दूत आपण ज्याला सुकून म्हणतो, त्याला मराठीत शांती, समाधान, दिलासा असे वेगवेगळे शब्द आहेत. आबालालांना तळ्याकाठी यांपैकी काय मिळत असेल? त्यांनी आपल्या मनातले लिहून ठेवले नाही. त्यांची राहणी मात्र बोलते. अंगावर साधे कपडे, गरजा अगदी थोड्या. सुवर्णपदक मिळवलेल्या, राजदरबारात मान असलेल्या माणसाने मोठे घर बांधले नाही, चित्रांचे दुकान थाटले नाही. चित्र विकले जाईल का, हा विचार त्यांना शिवत नसे. चित्र काढून झाले की ते बाजूला पडे आणि दुसऱ्या दिवशी नव्या कागदावर नवे तळे सुरू होई. अशी हजारो चित्रे त्यांनी काढली, असे सांगतात.

मग १९२२ साल उजाडले. ६ मे रोजी शाहू महाराजांचे मुंबईत निधन झाले. त्यांचे वय अवघे ४७ वर्षांचे होते. सारे कोल्हापूर हळहळले. आबालालांना तर हा धक्का सहन झाला नाही. त्यांच्यापेक्षा वयाने लहान असलेला, पण वडिलांसारखी त्यांची काळजी घेणारा माणूस गेला होता. कोल्हापुरात अशी हकिकत सांगतात, की त्या दुःखाच्या भरात आबालालांनी आपली पुष्कळ चित्रे नष्ट केली. ज्या कोटितीर्थाकाठी ती जन्मली, त्याच कोटितीर्थाच्या पाण्यात त्यांनी ती सोडून दिली.

हे ऐकून तुम्हांला राग येईल. मलाही पहिल्यांदा वाचले तेव्हा आला होता. इतकी वर्षे खपून केलेले काम असे पाण्यात टाकायचे? ते लोकांचे नव्हते का? पण जरा त्यांच्या जागी उभे राहून पाहा. ती चित्रे समजून घेणारा माणूस आता राहिला नव्हता. ज्याला दाखवायची, तोच गेला. आपण म्हणतो, निसर्गात गेले की मन शांत होते. होते, हे खरे आहे. पण तळे आणि झाडे सगळ्याच दुःखावर औषध देतात असे नाही. जन्मभर पाणी न्याहाळलेल्या माणसालाही एक दुःख असे भेटले, की त्यापुढे त्याला आपलीच चित्रे नकोशी झाली. तरीही शोक करायला ते दुसरीकडे कोठे गेले नाहीत. गेले ते तळ्यापाशीच.

यानंतर आबालाल आणखी नऊ वर्षे जगले. हा काळ त्यांनी हलाखीत आणि एकांतात काढला. राजाश्रय गेला होता आणि वय सत्तरीकडे झुकले होते. मात्र कोल्हापुरातील तरुण चित्रकार त्यांना विसरले नव्हते. त्यांच्यात बाबूराव पेंटर होते. हे बाबूराव म्हणजे कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून १९२० साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट तयार करणारे. सुताराच्या घरात जन्मलेला हा कलावंत स्वतःचा कॅमेरा स्वतः तयार करण्याइतका हुशार होता, आणि तोही आबालालांना फार मानत असे. माधवराव बागल हे पुढारी म्हणून आपल्याला माहीत आहेत, पण तेही निसर्गचित्रे काढीत. त्यांनी कोल्हापूरच्या कलावंतांविषयी लिहून ठेवले, म्हणून आज आपल्याला यांतील पुष्कळ गोष्टी कळतात. कोल्हापूरला कलापूर म्हणतात. त्या कलापुरातील चित्रकारांची परंपरा सांगायची झाली, की सुरुवात आबालालांपासून करतात.

२८ डिसेंबर १९३१ रोजी आबालाल रहिमान यांचे कोल्हापुरात निधन झाले.

त्यांनी पाहिलेले कोल्हापूर आता तसे उरलेले नाही. गावातली कितीतरी तळी बुजवली गेली. कपिलतीर्थाच्या जागी आज भाजी मंडई भरते. शाहू मिलचा भोंगाही बंद झाला. कोटितीर्थ मात्र आहे. त्याच्या भोवती आता गाव वाढले आहे, रहदारी आहे, आणि तळ्याच्या पाण्याची तक्रार अधूनमधून वर्तमानपत्रात येते.

नष्ट होण्यातून जी चित्रे वाचली, त्यांतील काही कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात ठेवलेली आहेत. मिरजेहून सकाळच्या गाडीने निघालात तर तास-दीड तासात कोल्हापूर येते. सहलीला अंबाबाईचे देऊळ, नवा राजवाडा आणि रंकाळा पाहून झाला की टाउन हॉलच्या बागेतही जरूर जा. चित्रे फार मोठी असतील अशी अपेक्षा ठेवू नका. आधी जवळ उभे राहून नुसते डाग पाहा, मग चार पावले मागे सरा. पाण्यावर जिथे ऊन चमकताना दिसेल, तिथे नीट निरखून पाहा. तिथे रंग नाही, कोरा कागद आहे.